देश, काळ आणि मेंढी



आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेत जरा भारदस्त छापलं गेलंय, 'हवामानबदल आणि स्थलांतर करणारे खुरांचे प्राणी'. हे नाव ऐकलं की कुणालाही आफ्रिका आठवते. टीव्हीवर पाहिलेले वाइल्डबीस्टचे लाखोंचे कळप, मगरींनी भरलेली मारा नदी. पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. आपण बसलोय नवलाख उंबऱ्यात. इथून पश्चिमेला आंदर मावळ, त्याच्या टोकाला कुसूर, आणि कुसूरचा घाट उतरला की खाली भिवपुरी, म्हणजे कोकण. दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेची वाट धरतात. तट्टांवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोकरं आणि कोंबड्या, आणि मागेपुढे मेंढ्या. मावळातल्या रस्त्यांच्या कडेनं जाणारे हे कळप आपण सगळ्यांनी पाहिलेत. गाडी थांबवावी लागली म्हणून हॉर्नही वाजवलाय. पण दर वर्षी दिसतात, म्हणून त्याला आपण स्थलांतर म्हणत नाही. 'धनगर आले' म्हणतो, आणि काही दिवसांनी 'धनगर गेले' म्हणतो.

आज आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या तत्त्वज्ञानात 'देश' आणि 'काळ' अशी जोडी येते. देश म्हणजे जागा, आणि काळ म्हणजे वेळ. स्थलांतर करणारं जनावर या दोघांच्या मेळावर जगतं. योग्य वेळी योग्य जागी असणं, एवढंच त्याचं शास्त्र. काळ बिघडला की त्यानं देश बदलायचा, हे हजारो वर्षं चालत आलेलं उत्तर आहे. आज काळ तर बिघडतोच आहे, पण त्याच वेळी देश बदलायची सोयही आपण बंद करत आणली आहे. संकट या दोन्हींच्या एकत्र येण्यात आहे. नुसता पाऊस बिघडला म्हणून हे होत नाही.

पावसाची उतरण

आधी भूगोल बघू. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. बारामती, फलटण, माण या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास उरतो. सरळ रेषेत मोजलं तर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक जगात फार ठिकाणी सापडत नाही. धनगरांचं सगळं जीवन या उतरणीवर उभं आहे.

पावसाळ्यात मेंढी घाटात किंवा कोकणात टिकत नाही. सतत चिखलात राहून खूर सडतात, जंत वाढतात, लोकर भिजून अंगावर बसते. म्हणून पावसाळ्यात तिनं देशावर राहायचं. तिथे पाऊस बेताचा, पण माळाला गवत येतं. पावसाळा सरला की माळ वाळतो, पाणी आटतं. नेमक्या त्याच वेळी कोकणात भाताची कापणी उरकलेली असते. खाचरं मोकळी असतात, बांधावर हिरवं असतं, ओढ्याला पाणी असतं. म्हणून दिवाळीनंतर खाली उतरायचं, आणि मृगाच्या आत पुन्हा वर चढून घरी पोचायचं.

यात शेतकऱ्याचाही फायदा होता, हे विसरू नका. शेतात मेंढ्या बसवणं हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी आणि मूत जमिनीत जातं. त्याच्या बदल्यात धनगराला पूर्वी धान्य मिळायचं, आता पैसे मिळतात. म्हणजे कळप चालत होता तो नुसता गवताच्या मागे नव्हता. एका गावाची गरज आणि दुसऱ्या गावाचा हंगाम यांना जोडत तो चालत होता.

हे नातं लोकांनी देवादिकांतही नोंदवून ठेवलंय. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची लेक, आणि बाणाई धनगराची. एक घरात राहणारी, तर दुसरी माळावरची. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवर १९७६ साली मोठा ग्रंथ लिहिला, तो धनगरांच्या ओव्या ऐकत, त्यांच्या वाड्यांवर जाऊन. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की दख्खनची संस्कृती नांगर आणि मेंढी या दोघांच्या संसारातून झाली आहे. संसार म्हटलं की भांडण आलंच, पण सोडचिठ्ठी नव्हती.

तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला

हवामान आणि जनावर यांचा संबंध आजचा नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं त्यात होती. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. मधल्या भरभराटीच्या काळात तिथे चौकोनी, ऐसपैस घरं होती, बांध होता, पाण्याचा पाट होता. पण इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटतं. घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती मागे पडते, शिकार वाढते आणि शेळ्यामेंढ्यांवरची भिस्त वाढते. त्याच सुमारास गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यातल्या बऱ्याच वस्त्या ओस पडलेल्या दिसतात.

मधुकर ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेना, आणि माणसं जनावरांच्या मागे फिरस्ती झाली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अभ्यासिकेनं २०११ च्या पुस्तकात तिथल्या सांगाड्यांचा आणि हवामानाच्या पुराव्यांचा पुन्हा विचार करून या कारणावर प्रश्न उभे केले. तो वाद आपण तज्ज्ञांवर सोडू. आपल्यापुरतं त्यातलं महत्त्वाचं असं की संकट आलं तेव्हा या भूमीतल्या माणसानं काय केलं? खुरांचा आधार घेतला. पीक एका जागी रुतलेलं असतं, पण मेंढी चालू शकते. जे चालू शकतं ते वाचतं.

दामोदर धर्मानंद कोसंबी तर पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी पालथ्या घालणारे. त्यांचं 'मिथ अँड रिअॅलिटी' हे पुस्तक १९६२ चं. धनगरांच्या वार्षिक फेरीकडे, त्यांच्या वाटांच्या आसपास सापडणाऱ्या अश्मयुगातल्या बारीक हत्यारांकडे आणि देवींच्या ठाण्यांकडे त्यांनी आपलं लक्ष वेधलं. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी व्यापारी वाटांवर आहेत, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या वाटा व्यापाऱ्यानं आखल्या का? कोसंबींचा रोख असा की आधी जनावरं चालली, मागे माणसं चालली, आणि मग त्या मळलेल्या वाटेनं तांडे आले. म्हणजे मावळच्या इतिहासाची पहिली ओळ खुरांनी लिहिली आहे असं म्हटलं तर ते फारसं चूक होणार नाही.

घोड्यांचा चारा आणि राज्याचं वेळापत्रक

खुरांचा प्राणी म्हटला की मराठ्यांच्या इतिहासात घोडा आलाच. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहिमेवर निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छावणीला परतायचं, हे वेळापत्रक कुणी ठरवलं? मुहूर्त भटजी काढत असतील, पण त्यामागे गवत होतं. पाऊस सरला की वाटा वाळतात, नद्यांना उतार मिळतो, माळावर आणि शेतात चारा असतो. पावसाळ्यात घोडा चिखलात फसतो, म्हणून तेव्हा त्याला साठवलेल्या चाऱ्यावर जगवायचं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं १६७० च्या दशकातलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, अशा आशयासाठी ते आपल्याला माहीत असतं. पण त्या पत्राचा मोठा भाग दाण्याचा आणि गवताचा आहे. पावसाळा संपेपर्यंत पुरेल अशा बेतानं साठा वापरा. आताच उधळलात तर पुढे मिळणार नाही, घोडी मरायला लागतील, आणि मग तुम्ही रयतेकडून ओरबाडाल. बघा, एका छत्रपतीला हे दिसत होतं की जनावराची उपासमार शेवटी शेतकऱ्याच्या अंगणात पोचते. ऋतूचा हिशेब चुकला की नीतीचाही चुकतो.

वाट कशी बंद होत गेली

आता देशाकडे, म्हणजे जागेकडे येऊ. गेल्या दोनशे वर्षांत काय झालं?

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली त्याच घाटातून रेल्वे गेली. आपल्याला त्याचा फायदाच झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाट ही आता जनावराची राहिली नाही, ती यंत्राची झाली. १८३० च्या दशकात इंदापुरापासून इंग्रजांची नवी जमीनमोजणी आणि महसूलपद्धत सुरू झाली, आणि माळरानं नांगराखाली येऊ लागली. १८७८ साली जंगलाचा कायदा आला. डोंगर आणि कुरणं सरकारी वनात गेली, चराईवर बंधनं आली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गायरानं आणि डोंगर आवळून घेतल्याबद्दल किती कडक लिहिलंय, ते जरूर वाचा. १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. दुष्काळ पडला की देशावरची जनावरं घाटमाथ्याच्या गवताकडे हाकायची, हा जुना उपाय. त्याच काळात त्या गवताला कुंपण पडलं.

मग विसाव्या शतकात धरणं आली. वळवण, शिरवता, लोणावळा. आंदर मावळात ठोकळवाडी, जिचं पाणी खाली भिवपुरीला जाऊन १९२२ पासून वीज करतंय. खोऱ्यातली तळाची जमीन पाण्याखाली गेली. त्यानंतर महामार्ग, २००२ साली द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत. ती तर आपल्या गावाला खेटून आहे. डोंगरउतारावर बंगले, त्यांना तारेची कुंपणं. यातलं प्रत्येक काम सुटं घेतलं तर त्याला कारण आहे आणि बाजूनं बोलायलाही जागा आहे. पण कळप सुट्या तुकड्यांवर चालत नाही. त्याला देशापासून कोकणापर्यंत सलग वाट लागते. साखळीतली एक कडी तुटली तरी साखळी तुटते.

शिवाय आपल्या सरकारी कागदांत गवताळ माळाला नाव काय? पडीक. जिथे काळवीट आणि चिंकारा चरतात, जिथे लाखो मेंढ्या जगतात, ती जमीन पडीक! मग तिथे झाडं लावा, कारखाना काढा, काहीही करा. नाव चुकीचं पडलं की न्यायही चुकीचा होतो, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकवतात.

काळ कसा बिघडला

आता काळाकडे येऊ. पाऊस कमी झाला का जास्त, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. पण कळपासाठी त्याहून मोठा प्रश्न आहे की तो कधी पडला?

मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो पोचला २५ जूनला. २०२५ साली पोचला २६ मेला, म्हणजे रोहिणी लागून दुसऱ्याच दिवशी. दोन वर्षांच्या अंतरात महिन्याभराचा फरक! आता धनगराच्या जागी उभं राहून बघा. कोकणातून निघायचं कधी? लवकर निघालं आणि पाऊस लांबला, तर देशावर ना गवत ना पाणी, मेंढ्या उपाशी. उशिरा निघालं आणि पाऊस आधी आला, तर घाट चढताना कळप सापडतो. ओढे भरलेले, वाट निसरडी, कोकरं भिजलेली. पूर्वी या दोन संकटांच्या मधे काही आठवड्यांची फट असायची. आजोबांनी बापाला आणि बापानं मुलाला सांगितलेली. ती फट आता दर वर्षी वेगळ्या जागी असते. पंचांगात पावसाच्या नक्षत्राचं वाहन कधी मेंढा असतो, कधी हत्ती, कधी बेडूक. आता वाहन कुठलंही असो, त्याच्या मागून जाणाऱ्या मेंढीला वेळ सापडत नाही.

दुसरी गोष्ट अवकाळीची. १ आणि २ डिसेंबर २०२१ आठवा. ऐन थंडीत दिवसरात्र पाऊस आणि त्यात बोचरं वारं. पुणे जिल्ह्यात, विशेषतः शिरूर, जुन्नर, आंबेगाव या भागांत, हजाराहून अधिक मेंढ्या आणि शेळ्या गारठून मेल्या. असं का होतं? कोरडी लोकर थंडी अडवते. पण लोकर आतपर्यंत भिजली आणि वारा सुटला की अंगातली ऊब भराभर निघून जाते. माणूस पळत जाऊन देवळात, शाळेच्या पडवीत उभा राहील. शंभर-दोनशे मेंढ्या कुठे उभ्या करणार? त्या उघड्या शेतात जाळीच्या वाघरीत असतात. सकाळी बघावं तर जागच्या जागी पडलेल्या. एका रात्रीत घराचं भांडवल गेलं. बँकेतली ठेव एका रात्रीत भिजून मरत नाही, म्हणून ही गोष्ट आपल्याला चटकन समजत नाही.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं एक सावधगिरी बाळगायला हवी. ती एक रात्र हवामानबदलामुळेच आली असं आपण म्हणू शकत नाही. अवकाळी आपल्या आजोबांच्या काळीही होता. एक घटना वेगळी, आणि घटनांचा कल वेगळा. कलाबद्दल मात्र पुरावा आहे. पुण्यात पाषाणला जी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, तिथली चक्रीवादळं वाढताहेत. 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं ते ३ जून २०२० ला, आणि तिथून ते वर घाटावर आलं. तारीख पुन्हा बघा, ३ जून. परतीच्या वाटेचा तो आठवडा.

बर्फातली हरणं आणि गवतातली सायगा

हे एकट्या मावळचं दुखणं नाही. जगात दोन ठिकाणी काय झालं ते सांगतो.

रशियाच्या उत्तर टोकाला यमाल नावाचा प्रदेश आहे. तिथले नेनेत्स लोक रेनडिअर पाळतात आणि त्यांच्याबरोबर वर्षाला शेकडो किलोमीटर फिरतात. धनगरच म्हणा त्यांना, उत्तर ध्रुवाकडचे. रेनडिअरला बर्फाचं भय नाही. खुरानं भुसभुशीत बर्फ उकरून तो खालचं शेवाळासारखं खाद्य खातो. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला, आणि मग ते पाणी गोठून बर्फावर काचेसारखा थर बसला. खूर त्यातून आत जाईना. त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपासमारीनं मेले. खाद्य पायाखाली होतं, हे लक्षात घ्या. अन्न होतं, पाणी होतं, फक्त पाऊस चुकीच्या महिन्यात पडला.

दुसरी गोष्ट कझाकस्तानची. तिथल्या गवताळ मैदानात सायगा नावाचं, विचित्र फुगीर नाकाचं हरीण हजारोंच्या संख्येनं स्थलांतर करतं. मे २०१५ मध्ये माद्या पिलं द्यायला एकत्र आल्या असताना तीनेक आठवड्यांत दोन लाखांहून जास्त सायगा मेले. कारण शोधलं तर एक जिवाणू निघाला. पण तो जिवाणू निरोगी सायगाच्या शरीरातही शांतपणे राहत असतो! मग तो तेव्हाच का उठला? अभ्यासकांना दिसलं की त्याआधीच्या दिवसांत हवेतला दमटपणा आणि ऊब नेहमीपेक्षा बरीच जास्त होती. आपले नैयायिक याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतील. जिथे हे आहे तिथे ते आहे, आणि जिथे हे नाही तिथे ते नाही. जिवाणू दर वर्षी होता आणि मृत्यू दर वर्षी नव्हते. म्हणून नुसत्या जिवाणूला दोष देऊन भागत नाही. आपल्या पशुवैद्यकीय अहवालात 'मृत्यूचं कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिलेला असतो. त्या शब्दामागे ऋतू उभा असतो, तो रकान्यात मावत नाही.

पण सायगाच्या गोष्टीचा शेवट ऐका. पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या पुन्हा वाढली आणि २०२२ पर्यंत दहा लाखांच्या पुढे गेली. शिकारीला आळा घातला गेला, हे एक. आणि दुसरं म्हणजे मैदान मोकळं होतं, चालायला जागा शिल्लक होती. काळानं मारलं, देशानं तारलं. आमचं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आलं.

एक चिठ्ठी

समोरून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'धनगरांनी आता एका जागी स्थिर व्हावं, गोठा बांधावा, मुलं शाळेत जातील. फिरण्याचा अट्टहास कशाला?'

प्रश्न चांगला आहे आणि प्रामाणिक आहे. शाळेचा मुद्दा तर शंभर टक्के खरा. मुलाचं शिक्षण आणि बाईमाणसाचं आरोग्य यांची किंमत देऊन परंपरा टिकवा असं आम्ही कधीही म्हणणार नाही. पुष्कळ धनगर कुटुंबांनी मुलांना गावी ठेवून शिकवलंय, आणि ज्यांना हा धंदा सोडायचा आहे त्यांना तो सन्मानानं सोडता आला पाहिजे. पण गोठ्यात बांधलेल्या दोनशे मेंढ्यांना उन्हाळ्यात चारा कुठून आणणार? पाचशे मिलिमीटरच्या मुलखात पाणी कुठून आणणार? तो चारा पिकवायला पुन्हा जमीन आणि विहीर लागणार. स्थलांतर म्हणजे मागासलेपण ही आपली समजूत आहे. जिथे पाऊस बेभरवशाचा असतो, तिथे एका जागी बसून राहणं हाच जास्त मोठा जुगार असतो. फिरणारा माणूस अडाणी असता तर इनामगावपासून आजपर्यंत टिकला नसता.

मग करायचं काय

हवामान थांबवणं आपल्या हातात नाही. मावळ तालुक्यानं ठरवून अरबी समुद्र गार होणार नाही. पण देश, म्हणजे जागा, ही आपल्या हातातली गोष्ट आहे.

स्पेनमध्ये बघा. तिथे १२७३ साली राजानं मेंढपाळांच्या संघाला संरक्षण दिलं, आणि मेंढ्यांच्या वाटा ठरवून दिल्या. त्यांतल्या मोठ्या वाटा सुमारे पाऊणशे मीटर रुंद होत्या. मधे त्या दुर्लक्षित झाल्या. मग १९९५ साली तिथल्या संसदेनं कायदा केला की या सगळ्या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत, त्यांवर बांधकाम करता येणार नाही. आजही वर्षातून एकदा माद्रिद शहराच्या भर चौकातून मेंढ्यांचा कळप वाजतगाजत जातो. जुना हक्क कागदावर राहू नये म्हणून.

आपल्याकडे 'राजे यशवंतराव होळकर महामेष योजना' आहे. तिच्यात वीस मेंढ्या आणि एक नर असा गट मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण मेंढी देणारी योजना वाट देत नाही. आपत्ती आली तर मदतीचे निकष आहेत. २०२२ पासूनच्या निकषांप्रमाणे मेंढीमागे ४,००० रुपये, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांपर्यंत. कळप जर दोनशेचा असेल आणि एका रात्रीत ऐंशी गेल्या, तर पन्नास मेंढ्या सरकारी हिशेबात मेल्याच नाहीत! शिवाय पंचनामा होतो तिथे माणूस परगावचा असतो. ना त्याचा सातबारा तिथला, ना रेशनकार्ड. तलाठी ओळखत नाही, सरपंच ओळखत नाही. जो माणूस दर वर्षी या गावातून जातो, तो गावाच्या कागदात कुठेच नसतो.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक ग्रामसभेनं आपल्या हद्दीतून जाणाऱ्या कळपांच्या वाटा आणि मुक्कामाच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात. दुसरी, गायरानाचा एखादा तुकडा, पाण्याजवळचा, मुक्कामासाठी राखावा. तिसरी, वादळाचा किंवा अवकाळीचा इशारा आला की तो कळपांपर्यंत पोचवावा. प्रत्येक वाड्यावर आता मोबाइल आहे, प्रश्न फक्त नंबर लिहून ठेवण्याचा आहे. आणि अशा रात्री बाजाराचं पत्र्याचं छप्पर, मंगल कार्यालयाचं पटांगण, रिकामी शेड, जे असेल ते उघडावं. चौथी, पंचनामा जिथे मेंढी मेली तिथे व्हावा, धनगराचं गाव कुठलं हे न बघता. यातल्या पहिल्या तीन गोष्टींना मुंबईहून परवानगी लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. अशी वर्षं येतात, परिसंवाद होतात, वर्षं जातात. पण आंदर मावळातल्या पाच-सात ग्रामपंचायतींनी मिळून कुसूर घाटापर्यंतची एक वाट जरी कागदावर आणली, तरी ते वर्ष आपल्यापुरतं खरं झालं असं म्हणता येईल.

शेवटी एवढंच. काळ कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो बिघडला की आपण दैवाला बोल लावतो. वाट मात्र आपण बंद केली आहे, आणि ती उघडायची की नाही हेही आपणच ठरवणार आहोत. तेवढ्यापुरता दैवाचा संबंध नाही.

 प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे, जरूर विचारा.